आत्याच्या चंदीगडच्या खुर्च्या लिलावात द्याव्यात का?

गोदाकाठ (प्रश्न)

माझी थोरली आत्या अनेक वर्षे चंदीगडच्या पंजाब विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवत होती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस निवृत्त झाल्यावर ती नाशिकला, गंगापूर रोडवरील आमच्या घराच्या तळमजल्यावर राहायला आली आणि येताना चार खुर्च्या, लिहिण्याचे एक टेबल व पुस्तकांचे एक बुटके कपाट ट्रकमधून घेऊन आली. खुर्च्या सागवानी आहेत, बैठक आणि पाठ वेताची आहे, बाजूचे पाय उलट्या इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे फाकलेले आहेत आणि मागच्या आडव्या पट्टीवर पांढऱ्या रंगात विभागाचे संक्षिप्त नाव व क्रमांक छापलेला आहे. हे सामान विभागाने मोडीत काढले तेव्हा आपण ते रीतसर विकत घेतले, असे आत्या सांगत असे. त्यातील एका खुर्चीवर बसूनच तिने आपला प्रबंध लिहिला होता आणि त्या खुर्चीवर ती दुसऱ्या कोणाला फारसे बसू देत नसे.

आत्या आता नाही. ती अविवाहित होती आणि तिने मृत्युपत्र केलेले नव्हते. माझ्या वास्तुविशारद आतेबहिणीने खुर्च्यांची छायाचित्रे पाहून हे चंदीगड शहराची आखणी करणारे वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए व त्यांचे सहकारी पिएर जानरे यांच्या काळातील फर्निचर असावे असे सांगितले, तेव्हापासून घरात दोन तट पडले आहेत. मुंबईचा एक व्यापारी येऊन गेला. सगळ्या वस्तूंची मिळून एकच रक्कम, तीही रोख, देण्याची त्याची तयारी आहे, मात्र निर्णय आठवड्यात कळवा असा त्याचा आग्रह आहे. लिलावात याहून बरी किंमत येईल का, आत्याच्या आयुष्याशी या वस्तूंचा जो संबंध आहे त्याला बाजारात काही मोल असते का, आणि मुळात हे विकणे कायदेशीर आहे का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. दिवाळीपूर्वी खुर्च्यांना पॉलिश करून घ्यावे असे आईचे म्हणणे आहे, तेही योग्य ठरेल का ते सांगावे.

जुनी पेढी

मी बरीच वर्षे मुंबईतील लिलावाच्या व्यवसायात वस्तूंचे मूल्यांकन करण्याचे काम केले आणि आता देवळाली कॅम्पात राहतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. सर्वप्रथम पॉलिशचे काम थांबवा आणि त्या व्यापाऱ्याला आठवड्याच्या मुदतीत कोणतेही उत्तर देऊ नका. वस्तू खरी असेल तर ती महिन्याभराने खोटी होत नाही. घाई नेहमी घेणाऱ्याच्या फायद्याची असते.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येतो. एखाद्या फर्निचरमागे कोणाच्या तरी आयुष्याची गोष्ट असते तेव्हा लिलावात तिचा उपयोग दोन अगदी वेगळ्या प्रकारांनी होतो आणि बहुतेक लोक या दोहोंची गल्लत करतात. पहिला प्रकार मालकाच्या प्रसिद्धीचा. १९९६ मध्ये जॅकलीन केनेडी यांच्या मालमत्तेचा न्यूयॉर्कमध्ये लिलाव झाला, तेव्हा अध्यक्ष केनेडी यांच्या झुलत्या खुर्चीच्या किमतीचा अंदाज तीन ते पाच हजार डॉलरचा होता आणि ती गेली साडेचार लाख डॉलरच्या आसपास. त्या खुर्चीची रचना काही विलक्षण नव्हती, तशा खुर्च्या बाजारात हव्या तेवढ्या मिळत होत्या. लोकांनी पैसे मोजले ते तीत कोण बसत असे त्यासाठी. आपल्या आत्या विद्वान असतील, विद्यार्थ्यांच्या आवडत्याही असतील, परंतु या अर्थाने त्यांच्या नावाला बाजारात किंमत येणार नाही, हे स्पष्टपणे सांगितलेले बरे.

दुसरा प्रकार मालकीच्या साखळीचा आहे आणि आपल्या बाबतीत सगळे महत्त्व त्याला आहे. वस्तू कोणी घडवली, कोणासाठी घडवली, तिथून ती कोणाकडे गेली आणि आज विकणाऱ्याच्या हाती कशी आली, यातील प्रत्येक टप्पा दाखवता आला तर खरेदीदार निर्धास्त होतो. फर्निचरच्या नामवंत रचनाकार आयलीन ग्रे यांची ड्रॅगन असलेली आरामखुर्ची २००९ च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये प्रसिद्ध फ्रेंच फॅशन रचनाकार ईव्ह सां लोराँ आणि त्यांचे भागीदार पिएर बर्जे यांच्या संग्रहातून विकली गेली. अंदाज होता वीस ते तीस लाख युरोंचा, किंमत आली जवळजवळ २ कोटी १९ लाख युरो. सां लोराँ यांचे नाव त्यात होतेच, परंतु पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पॅरिसमधील टोप्यांच्या एका प्रसिद्ध पेढीच्या मालकिणीसाठी ती घडवली गेली इथपासूनचा तिचा प्रवास सर्वांना ठाऊक होता आणि कोणालाही शंका घ्यायला जागा नव्हती, हेही त्या किमतीमागचे मोठे कारण होते.

आपल्या मराठी माणसाला जवळचे उदाहरण हवे असेल तर इंदूरच्या माणिकबाग राजवाड्याचे घ्या. चांदवडचा रंगमहाल ज्यांनी पाहिला आहे त्या नाशिककरांना होळकर घराणे नव्याने सांगायला नको. त्याच घराण्यातील यशवंतराव होळकर दुसरे यांनी ऑक्सफर्डमध्ये ओळख झालेल्या एकार्ट मुथेसियुस या तरुण जर्मन वास्तुविशारदाकडून १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला माणिकबाग उभारून घेतली आणि तिच्यासाठी रुलमन, आयलीन ग्रे, ल कॉर्ब्युझिए अशा त्या वेळच्या अग्रगण्य मंडळींचे फर्निचर युरोपातून आणवले. १९८० मध्ये त्यातील पुष्कळशा वस्तूंचा मोनॅकोत लिलाव झाला आणि त्या जगभर पांगल्या. आजही 'इंदूरच्या महाराजांसाठी' एवढे शब्द लिलावाच्या सूचीत आले की त्या वस्तूकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते, कारण तो राजवाडा, ती मागणी आणि तो लिलाव या तिन्ही गोष्टींची नोंद आहे. (खुद्द माणिकबागेत पुढे केंद्रीय उत्पादन शुल्क व सीमाशुल्क खात्याचे कार्यालय आले. तो विषय काढला तर मी भरकटेन.)

चंदीगडच्या खुर्च्यांना अशी साखळी अधिकच लागते आणि त्याचे कारण त्यांच्या जन्मातच आहे. १९५० च्या दशकात नवे शहर उभे राहत असताना सचिवालय, उच्च न्यायालय, विद्यापीठ, ग्रंथालये, वसतिगृहे यांना हजारोंच्या संख्येने टेबले, खुर्च्या आणि कपाटे लागणार होती. ल कॉर्ब्युझिए यांचे चुलतबंधू पिएर जानरे १९५१ पासून १९६५ पर्यंत तेथे राहिले आणि बहुतांश आराखडे त्यांच्या देखरेखीखाली तयार झाले. युली चौधरी यांच्यासारख्या भारतीय वास्तुविशारदांचाही त्यात हात होता. बनवण्याचे काम मात्र अनेक स्थानिक सुतारांकडे वाटून दिलेले होते, त्यामुळे एकाच नमुन्याच्या दोन खुर्च्यांची मापेदेखील तंतोतंत जुळत नाहीत आणि कोणावरही कारागिराची सही नाही. पुढे १९९० च्या दशकात कार्यालयांनी हे सामान जुने झाले म्हणून गच्चीवर व अडगळीत टाकले आणि भंगाराच्या भावात लिलावात काढले. फ्रान्समधील काही व्यापाऱ्यांनी ते घाऊक भावाने उचलले, दुरुस्त केले आणि पुढे एकेका खुर्चीला हजारो युरो मोजले जाऊ लागले. भाव चढल्याबरोबर नकला निघाल्या. आज जुन्या इमारतीच्या तुळयांचे सागवान वापरून, त्यावर छापाचा क्रमांक उमटवून आणि पावसात भिजत ठेवून 'मूळ' खुर्च्या तयार केल्या जातात. त्यामुळे प्रतिष्ठित लिलावगृहे नुसत्या रूपावर विश्वास ठेवत नाहीत.

अशा बाजारात, विद्यापीठाच्याच एका अध्यापिकेने मोडीतून विकत घेतलेली, तेव्हापासून एकाच कुटुंबात राहिलेली आणि एकदाही व्यापाऱ्याच्या हाती न गेलेली खुर्ची ही दुर्मीळ गोष्ट आहे. आत्याबाईंचा इतिहास इथे कामाला येतो आणि तो भावनेपेक्षा पुरावा म्हणून येतो. म्हणून घरात शोधा. मोडीतील विक्रीची पावती, विभागाचे पत्र, ट्रकच्या भाड्याची पावती, त्यांच्या नियुक्तीचे व निवृत्तीचे आदेश आणि विशेषतः जुनी छायाचित्रे. एखाद्या छायाचित्रात खुर्ची विभागाच्या खोलीत दिसत असेल आणि तिच्यावरचा एखादा चरा किंवा डाग आजच्या खुर्चीशी जुळत असेल तर त्यासारखा पुरावा नाही. त्यांचे एखादे सहकारी हयात असतील तर त्यांच्याकडून काय आठवते ते सहीनिशी लिहून घ्या आणि हे काम सर्वांत आधी करा.

लिलावाचा व्यवहार थोडक्यात असा असतो. लिलावगृह वस्तू पाहून खालचा व वरचा अंदाज देते. त्याखेरीज एक राखीव किंमत ठरते, जिच्याखाली वस्तू विकली जात नाही, आणि ही राखीव किंमत सहसा खालच्या अंदाजापेक्षा जास्त ठेवत नाहीत. हातोडा ज्या रकमेवर पडतो तिच्यातून आपल्याकडून दलाली कापली जाते आणि खरेदीदाराकडून त्या रकमेवर वेगळे अधिमूल्य घेतले जाते, म्हणून वर्तमानपत्रात छापून आलेला आकडा विकणाऱ्याच्या हाती पडत नाही. छायाचित्रण, विमा, वाहतूक आणि वस्तू मागे घेतल्यास द्यावे लागणारे शुल्क यांविषयी करारात काय आहे ते सही करण्यापूर्वी वाचा. दलालीवर घासाघीस होते, लाजू नका. एकदा लिलावात उभी राहून न विकली गेलेली वस्तू पुढची काही वर्षे बाजारात शिळी ठरते, त्यामुळे हावरेपणाने राखीव किंमत चढवू नका.

रंधा

माझे जुने फर्निचर दुरुस्त करण्याचे काम आहे, दुकान रविवार कारंजाजवळ आहे. वरील प्रतिसादातील पॉलिशविषयीच्या सूचनेला माझा पूर्ण दुजोरा आहे आणि त्यात थोडी भर घालतो.

आपल्याकडे जुने लाकूड दिसले की आधी पॉलिश पेपरने खरवडून काढायचे आणि वर मेलामाईनचे रासायनिक पॉलिश मारून आरशासारखे चकचकीत करायचे अशी पद्धत पडली आहे. नाशिकच्या जुन्या वाड्यांतील कितीतरी चांगली कपाटे आणि पलंग या पद्धतीने वाया गेले. पन्नास-साठ वर्षे हात लागून खुर्चीच्या हातांवर जी गुळगुळीत काळपट झाक येते ती एकदा काढली की पुन्हा आणता येत नाही आणि पाहणारा तज्ज्ञ सर्वांत आधी तीच शोधतो. मागच्या पट्टीवरचा पांढरा छाप तर चुकूनही घासू नका. धूळ कोरड्या मऊ फडक्याने पुसा, यापलीकडे आता काहीही करू नका.

वेत तुटला असेल तर घाबरण्याचे कारण नाही. वेताची बैठक वापराने तुटतेच आणि विद्यापीठात असतानाही ती केव्हातरी पुन्हा विणली गेली असण्याची शक्यता आहे. सरकारी कार्यालयांतील खुर्च्यांचे वेत विणण्याचे काम पूर्वी सर्रास अंध कारागिरांकडे जात असे आणि त्यांच्या हातची वीण आजच्या यंत्रावरच्या तयार जाळीपेक्षा पुष्कळ पक्की असते. जुनी वीण शाबूत असेल तर ती तशीच राहू द्या. तुटली असेल तर लिलावगृहाला विचारल्याशिवाय नवी विणून घेऊ नका, आणि विणायचीच झाली तर तयार जाळी खाचेत ठोकून बसवू देऊ नका, भोकांतून हातानेच विणून घ्या.

खरेखोटेपणाचा अंदाज घरच्या घरी घ्यायचा असेल तर खुर्ची उलटी करून पाहा. लाकडाचा जो भाग वर्षानुवर्षे झाकलेला राहिला त्याचा रंग उघड्या भागाहून वेगळा असायला हवा. सगळीकडे सारखाच काळपटपणा असेल तर तो बहुधा डाग लावून आणलेला असतो. पायांची टोके चारही बाजूंनी सारखी झिजत नाहीत, ज्या बाजूला माणूस रेलतो तिकडे अधिक झिजतात. स्क्रू असतील तर त्यांच्या डोक्यावर एकच सरळ खाच आहे की अधिकच्या चिन्हासारखी, ते पाहा. अधिकचे चिन्ह असेल तर तो स्क्रू नंतरच्या दुरुस्तीतला असण्याची शक्यता अधिक, अर्थात एवढ्यावरून खुर्ची खोटी ठरत नाही. आणि छापाचा रंग पाहा. जिथे लाकूड झिजले आहे तिथे छापही झिजलेला हवा. झिजलेल्या लाकडावर टवटवीत छाप असेल तर मी तरी ती खुर्ची हातात धरणार नाही.

पावसाळ्यात तळमजल्यावरच्या ओलीत ठेवल्या असतील तर भिंतीपासून हातभर पुढे ओढा आणि पायांखाली वाळवीचे मातेरे दिसते का ते बघा. उन्हात मात्र ठेवू नका, सांधे उकलतात.

गोदाकाठ

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. आईने पॉलिशचा विचार सोडला आहे, जरा नाराजीनेच.

आत्याच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक जुनी फाईल सापडली. तिच्यात विभागाने निर्लेखित केलेल्या, म्हणजे मोडीत काढलेल्या, सामानाच्या विक्रीची पावती आहे, आत्याचे नाव आहे, 'चेअर केन, चार नग' आणि 'बुकशेल्फ लो, एक नग' अशा नोंदी आहेत आणि त्यांच्यापुढे डेडस्टॉक नोंदवहीतील (विभागाच्या सामानाच्या नोंदवहीतील) क्रमांक आहेत. चार खुर्च्यांपैकी तिघींवरचे छापील क्रमांक पावतीशी जुळतात, चौथीवरचा क्रमांक पुसट झाल्याने वाचता येत नाही. टेबलाचा मात्र पावतीत उल्लेखच नाही आणि टेबलावर कोठेही छाप नाही. विभागातील निरोप समारंभाचे एक कृष्णधवल छायाचित्रही मिळाले. त्यात आत्या ज्या खुर्चीवर बसली आहे तिच्या डाव्या हाताच्या टोकाला एक लहानसा तुकडा उडालेला दिसतो आणि घरातील एका खुर्चीचा तुकडा त्याच जागी उडालेला आहे. तीच तिची प्रबंधाची खुर्ची.

आता अडचण वेगळीच उभी राहिली आहे. धाकटी आत्या हयात आहे, धुळ्याला असते, आणि हे सामान विकू नये असे तिचे म्हणणे आहे. माझे वडील आणि काका दोघेही थोरल्या आत्याच्या आधीच गेले. काकांच्या मुलांना विक्री लवकर व्हावी असे वाटते. वस्तू आमच्या घरात आहेत, म्हणून निर्णय आम्हीच घ्यावा असे सगळे म्हणतात आणि नंतर प्रत्येक जण वेगळे मत देतो.

तारीख पे तारीख

नाशिकच्या न्यायालयात वकिली करतो, वारसाहक्काची प्रकरणे रोज पाहतो. वस्तू ज्याच्या घरात आहेत तो मालक, हा समज आधी बाजूला ठेवावा.

अविवाहित हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता निधन पावली आणि तिचे आईवडील हयात नसतील, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे तिची स्वकष्टार्जित मालमत्ता तिच्या वडिलांच्या वारसांकडे जाते. आपल्या बाबतीत याचा अर्थ असा की धाकट्या आत्यांचा एक हिस्सा, आपल्या दिवंगत वडिलांच्या शाखेचा एक आणि काकांच्या शाखेचा एक. आपल्या वडिलांच्या शाखेच्या हिश्श्यात आपण व आपली भावंडेच नव्हे, तर आपल्या मातोश्रीही येतात, हे लोक नेहमी विसरतात. काकू हयात असतील तर त्यांच्या शाखेतही तसेच. थोरल्या आत्यांना आणखी कोणी भावंडे असतील तर हिशेब बदलेल. कोणतेही जबाबदार लिलावगृह विक्रीच्या करारावर सर्व वारसांची संमती मागेल आणि न मागणाऱ्यापासून आपण दूर राहावे. धाकट्या आत्यांची सही असल्याशिवाय हा व्यवहार पुढे नेऊ नका. त्यांना विकायचे नसेल तर त्यांच्या हिश्श्यात एखादी वस्तू देऊन लेखी वाटणी करता येईल. सही कशी मिळवायची याचा विचार करण्यापूर्वी त्यांना नेमके काय नको आहे ते धुळ्याला जाऊन विचारावे, असे माझे अनाहूत मत आहे.

विक्रीच्या वैधतेविषयी. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ मध्ये फर्निचरसारखी वस्तू पुरावस्तू ठरण्यासाठी शंभर वर्षांची अट आहे, ती चंदीगडच्या फर्निचरला आज लागू होत नाही. २०११ च्या फेब्रुवारीत केंद्रीय गृह मंत्रालयाने चंदीगडमधील वारसा फर्निचरची विक्री व लिलाव थांबवण्याचे निर्देश दिले आणि त्यानंतर तेथील प्रशासनाने सरकारी इमारतींतील साडेबारा हजारांहून अधिक वस्तूंची यादी केली. हे निर्देश सरकारी ताब्यातील सामानासाठी होते. त्यापूर्वी रीतसर निर्लेखित होऊन पावतीने विकल्या गेलेल्या वस्तूंची मालकी त्यामुळे जात नाही. म्हणून आपल्या हातातील ती पावती या सगळ्या प्रकरणाचा कणा आहे. मूळ प्रत कोणाच्याही हाती देऊ नका, 'बघून परत देतो' म्हणणाऱ्या व्यापाऱ्याच्या तर नाहीच. परदेशी लिलावात पाठवायचे असेल तर वस्तू पुरावस्तू नसल्याचा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा दाखला सोबत असलेला बरा, अन्यथा सीमाशुल्क खात्यात माल अडकून पडतो.

प्राप्तिकराविषयी एवढेच सांगतो की स्वतःच्या वापरातील फर्निचर ही सर्वसाधारणपणे वैयक्तिक वापराची वस्तू धरली जाते आणि तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, परंतु चित्रे, शिल्पे आणि कलाकृती यांना ही सवलत नाही. नामवंत रचनाकाराची खुर्ची फर्निचर की कलाकृती, यावर अधिकारी वेगळे मत घेऊ शकतो. शिवाय वापर खरोखर निकटचा व व्यक्तिगत असावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच एका संस्थानिकाच्या सोन्याचांदीच्या प्रकरणात सांगितले आहे. रक्कम मोठी असेल तर आधी सनदी लेखापालाचे मत घ्या. व्यापाऱ्याची रोख रक्कम तर घेऊच नका, दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोखीने घेण्यास प्राप्तिकर कायद्यात मनाई आहे आणि दंड घेणाऱ्याला होतो.

कॉलेज रोड

मला यातील कायदा कळत नाही, परंतु एक शंका आहे. आत्याबाई ज्या खुर्चीवर कोणाला बसू देत नसत ती लिलावात का द्यायची? उरलेल्या तीन द्या, ती धाकट्या आत्यांना द्या. बहिणीचा त्या खुर्चीवरचा हक्क काकांच्या मुलांपेक्षा मला तरी अधिक वाटतो.

जुनी पेढी

कॉलेज रोड यांच्या सूचनेला व्यवहाराच्या बाजूनेही आधार आहे, परंतु ती अमलात आणण्यापूर्वी एक पेच नीट समजून घ्या. छायाचित्रातील खुर्ची हीच आपल्या चौघींतील सर्वांत भक्कम पुराव्याची खुर्ची आहे. ती घरात ठेवली तर लिलावात जाणाऱ्या तिघींचा पुरावा केवळ पावतीवर उभा राहील आणि त्यातील एकीवरचा क्रमांक पुसट असेल तर तिच्यासाठी तोही अपुरा पडेल. म्हणून आधी हे तपासा की पुसट क्रमांकाची आणि तुकडा उडालेली खुर्ची एकच आहे की वेगवेगळ्या आहेत. एकच असेल तर तीच धाकट्या आत्यांकडे जाऊ द्या. क्रमांक जुळणाऱ्या तिघी लिलावात उभ्या राहायला पावती पुरेशी आहे आणि छायाचित्राची प्रत सूचीत मालकीच्या इतिहासासोबत छापता येईल, कारण चारही नग एकाच पावतीतले आहेत. वेगवेगळ्या असतील तर पुसट छाप तिरकस प्रकाशात, विजेरी एका बाजूने धरून, छायाचित्र काढून पाहा. डोळ्यांना न दिसणारे आकडे असे पुष्कळदा वाचता येतात. ओले फडके किंवा तेल लावून आकडे उठवण्याचा प्रयत्न करू नका.

तिन्ही खुर्च्या एकत्र द्याव्यात की सुट्या, हे लिलावगृहावर सोडा. माझा कल एकत्र देण्याकडे आहे, कारण एकाच विभागाच्या, एकाच पावतीतील आणि सलग मालकी असलेल्या तीन खुर्च्या संग्राहकाला सुट्या तिघींपेक्षा अधिक हव्या असतात. कपाट स्वतंत्र द्यावे.

टेबलाविषयी मात्र माझे मत कठोर आहे. पावतीत नाही, छाप नाही, म्हणजे ते विद्यापीठातून आले असे म्हणायला आपल्याकडे काहीच आधार नाही. कदाचित आत्याबाईंनी ते चंदीगडच्या एखाद्या सुताराकडून तशाच धाटणीचे करून घेतले असेल. त्या काळी तिथल्या सुतारांच्या हातात तेच नमुने बसलेले होते, त्यामुळे ते रूपाने हुबेहूब असले तरी मला नवल वाटणार नाही. ते खुर्च्यांबरोबर एकाच गटात लिलावात घातले तर तज्ज्ञ आधी टेबलावर बोट ठेवतील आणि मग त्यांची शंका खुर्च्यांपर्यंत पोहोचेल. ते घरीच वापरा.

दोन वेगवेगळ्या लिलावगृहांकडून लेखी अंदाज घ्या, व्यापाऱ्याचा आकडा त्यांना सांगू नका. माल मुंबईला न्यायची वेळ आली तर वेताच्या बैठकीवर काहीही ठेवू देऊ नका, प्रत्येक खुर्ची आधी सुती चादरीत आणि मग वरून फुगेवाल्या प्लास्टिकमध्ये बांधा. प्लास्टिक थेट जुन्या पॉलिशला लागले तर उकाड्यात ते चिकटते आणि निघताना पॉलिशही घेऊन निघते. विमा नाशिकच्या दारापासून सुरू होतो की मुंबईच्या गोदामापासून, हे कसारा घाट उतरण्यापूर्वी लेखी विचारून घ्या.